विश्लेषण : संकेतस्थळ तपासणाऱ्या स्वयंचलित चाचण्याच वारंवार नापास का होतात? त्या टिकाऊ कशा करतात?

संकेतस्थळावरील एखाद्या बटणाचे नाव किंवा जागा बदलली, तर वापरकर्त्याला त्याचे फारसे काही वाटत नाही. मात्र, ते संकेतस्थळ रोज तपासणाऱ्या शेकडो स्वयंचलित चाचण्या त्याच रात्री एकदम नापास होऊ शकतात. बिघाड संकेतस्थळात आहे की चाचणीत, हे शोधण्यात मग पुढचे दोन दिवस जातात. अशा चाचण्या लिहिणे तुलनेने सोपे असते, पण त्या वर्षानुवर्षे भरवशाच्या ठेवणे अवघड. म्हणूनच त्यांच्या रचनेला महत्त्व आहे.

स्वयंचलित चाचणी म्हणजे काय?

लॉगिन करणे, अर्ज भरणे, पैसे भरणे ही कामे माणसाऐवजी प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये करून पाहतो आणि अपेक्षित निकाल मिळाला की नाही, ते सांगतो. या क्षेत्रातील सर्वांत परिचित साधन म्हणजे सेलेनियम. जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये अमेरिकेत थॉटवर्क्स या कंपनीत काम करताना ते तयार केले. ब्राउझरला प्रोग्रॅममधून आज्ञा देण्याच्या ‘वेबड्रायव्हर’ पद्धतीला २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मानक म्हणून मान्यता दिली. त्यानंतर सायप्रेस आणि मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट ही साधनेही रुळली आहेत. मात्र, साधन कोणतेही असले तरी देखभालीचा प्रश्न सुटत नाही.

चाचणीकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते?

अमेरिकेत आरोग्य विमा घेण्यासाठीचे ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले. पहिल्या दिवशी केवळ सहा जणांची विमा नोंदणी पूर्ण झाली. संपूर्ण यंत्रणेची सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंतची चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांतच झाल्याचे कंत्राटदार कंपन्यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले. चाचणी अखेरच्या टप्प्यावर ढकलली की सापडलेल्या चुका दुरुस्त करायला वेळच उरत नाही. रोज आपोआप चालणाऱ्या चाचण्यांचा मुख्य फायदा हाच की चूक झाल्यावर ती लगेच कळते.

मग या चाचण्या निकामी का होतात?

समजा, वीजबिल भरण्याच्या एका संकेतस्थळासाठी ३०० चाचण्या आहेत आणि प्रत्येकीत लॉगिनच्या पायऱ्या स्वतंत्रपणे लिहिल्या आहेत. लॉगिनच्या पानावर एक चौकट वाढली, की ३०० ठिकाणी दुरुस्ती आली. दुसरे कारण म्हणजे पानावरील घटक ओळखण्याची पद्धत. ‘तिसऱ्या रकान्यातील दुसरे बटण’ अशी ओळख दिली असेल, तर पानाची मांडणी बदलताच ती चुकते. तिसरे कारण वेळेचे. ‘पाच सेकंद थांबा आणि क्लिक करा’ अशी सूचना दिलेली असते. सर्व्हर मंदावला की पाच सेकंद अपुरे पडतात, तो वेगात असेल तर तेवढा वेळ वाया जातो.

खोटा इशारा किती महागात पडतो?

कोडमध्ये काहीही बदल नसताना कधी पास, कधी नापास होणाऱ्या चाचणीला ‘फ्लेकी’ म्हणजे लहरी चाचणी म्हणतात. गूगलने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार, कंपनीच्या जवळपास १६ टक्के चाचण्यांत कमी-अधिक लहरीपणा होता. आधी पास होणारी चाचणी नापास झाल्याच्या घटनांपैकी ८४ टक्के घटनांत लहरी चाचणीचा संबंध आढळला.

साधे गणित पाहा. ३०० चाचण्यांपैकी प्रत्येक चाचणी विनाकारण नापास होण्याची शक्यता अवघी एक टक्का असेल आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसतील, तरी १०० पैकी साधारण ९५ वेळा किमान एक खोटा लाल इशारा मिळेल. हीच शक्यता ०.१ टक्क्यावर आणली, तर खोटे इशारे १०० पैकी सुमारे २६ वेळांवर येतात. रोजच लाल दिवा दिसू लागला की ‘पुन्हा चालवून बघा, होईल पास’ अशी सवय लागते आणि खरी चूकही त्याच सवयीने निसटते.

टिकाऊ फ्रेमवर्कची रचना कशी असते?

जी गोष्ट बदलू शकते, ती एकाच ठिकाणी लिहायची, हे मूळ सूत्र. ‘पेज ऑब्जेक्ट’ पद्धतीत प्रत्येक पानासाठी स्वतंत्र कोड असतो. त्या पानावरील बटणे आणि चौकटी कशा शोधायच्या, हे फक्त त्यालाच माहीत असते. चाचणीत ‘लॉगिन करा, बिल उघडा, रक्कम तपासा’ एवढेच दिसते. पान बदलले की दुरुस्ती एकाच फाइलमध्ये होते.

घटकांना चाचणीसाठी वेगळी, स्थिर ओळख दिली जाते. ठरावीक सेकंद थांबण्याऐवजी ‘बटण वापरण्याजोगे होईपर्यंत थांबा’ अशी अट घातली जाते. प्रत्येक चाचणी स्वतःची माहिती स्वतः तयार करते, आधीच्या चाचणीवर विसंबत नाही. सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड कोडबाहेर ठेवले जातात. चाचणी नापास झाली की पडद्याचे छायाचित्र आणि नोंदी आपोआप साठवल्या जातात. लहरी चाचणी बाजूला काढून तिच्या दुरुस्तीची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवली जाते.

सगळ्या चाचण्या ब्राउझरमधूनच कराव्यात का?

नाही. माइक कोन यांनी २००९ मध्ये पुस्तकातून मांडलेल्या ‘टेस्ट पिरॅमिड’नुसार तळाशी कोडच्या छोट्या भागांच्या भरपूर चाचण्या, मध्ये सेवांच्या आणि टोकावर ब्राउझरमधून होणाऱ्या मोजक्या चाचण्या असाव्यात. बिलावरील विलंब शुल्काचा हिशेब तपासायला ब्राउझर उघडण्याची गरज नसते. ब्राउझरमधील चाचण्या मंद आणि नाजूक असतात. त्यामुळे पैसे भरण्यासारख्या कळीच्या प्रवासांसाठीच त्या राखून ठेवणे फायद्याचे ठरते.

चाचण्या पास झाल्या म्हणजे धोका टळला का?

ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती नव्या यंत्रणेत हलवली. त्यानंतर १९ लाखांपर्यंत ग्राहकांना स्वतःची खातीच उघडता येईनात. नवी यंत्रणा दोन डेटा सेंटरवर चालणार होती, पण भार पेलण्याच्या महत्त्वाच्या चाचण्या त्यांपैकी एकाच केंद्रावर झाल्या होत्या, असे स्लॉटर अँड मे या विधी संस्थेच्या चौकशीत पुढे आले. नियामकांनी डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. चाचणी जिथे घेतली ती यंत्रणा आणि लोक वापरणार ती यंत्रणा सारखी नसेल, तर पास झाल्याच्या निकालाला फारसा अर्थ उरत नाही.

एआयमुळे देखभाल संपेल का?

एआय साधने आता काही मिनिटांत डझनभर चाचण्या लिहून देतात. बटणाची ओळख बदलली तर नवी ओळख स्वतः शोधणारी साधनेही आली आहेत. मात्र, ‘पैसे भरा’ हे बटण चुकून गायब झाले आणि साधनाने त्याऐवजी भलतेच बटण दाबून चाचणी पास केली, तर खरी चूक झाकली जाईल. शिवाय लिहिण्याचा वेग वाढला की सांभाळायच्या चाचण्याही वाढतात. पुणे-मुंबईतील आयटी कंपन्यांमध्ये चाचणीचे काम करणाऱ्या अभियंत्यांच्या कौशल्याची कसोटीही त्यामुळे बदलते आहे. किती चाचण्या लिहिल्या, यापेक्षा त्यांतील कोणत्या ठेवायच्या, कोणत्या काढून टाकायच्या आणि लाल दिवा लागल्यावर किती जण त्यावर विश्वास ठेवतात, हे अधिक महत्त्वाचे ठरणार आहे.