नायट्याची गोळी घेण्याआधी बाकीच्या गोळ्या दाखवा

पावसाळा आला की आपल्या वस्तीत घरोघरी नायटा निघतो. दाटीची घरे, न वाळणारे कपडे, चौघांत एक टॉवेल. यात लाजण्यासारखे काही नाही. पण लाजेपोटी आपण डॉक्टरांकडे जात नाही आणि मेडिकलमधून परस्पर इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल आणतो. आम्हाला हे धोक्याचे वाटते. कारण या गोळ्यांचे इतर औषधांशी पटत नाही.

इट्राकोनॅझोलची कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागते. रोज पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणाऱ्याला ती नीट लागू पडत नाही. पैसे जातात, नायटा तसाच राहतो. ॲसिडिटीच्या त्याच गोळीत डॉम्पेरिडोन असेल, तर दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. टीबीच्या औषधातील रिफाम्पिसिनमुळे इट्राकोनॅझोलचा परिणाम फारच कमी होतो. म्हणून टीबीची गोळी मात्र कधीही बंद करू नका. नायट्याचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील.

मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसोबत फ्लुकोनॅझोल घेतल्यास साखर फार खाली जाऊ शकते. घाम येतो, हातपाय थरथरतात, चक्कर येते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसोबत रक्तस्रावाची भीती असते. कोलेस्टेरॉलच्या सिमवास्टॅटिनसोबत इट्राकोनॅझोल घेतल्यास स्नायूंना इजा होऊ शकते. हृदय कमजोर असेल किंवा दिवस गेले असतील, तर ते आधी सांगितलेच पाहिजे.

घाईत चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर विचारत नाहीत आणि ‘साहेब रागावतील’ म्हणून आपणही सांगत नाही. ही भीती आता सोडली पाहिजे. पारखल्याशिवाय काही स्वीकारू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. मग गोळी तरी न विचारता का गिळायची? औषधाची माहिती मागणे हा उद्धटपणा नाही, आपला हक्क आहे.

आमची एक सूचना आहे. रविवारी वंदना झाल्यावर शिकलेल्या मुलामुलींनी विहारातच बसून आजी-आजोबांच्या गोळ्यांची नावे वहीत लिहून द्यावीत. दवाखान्यात जाताना ती वही आणि गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत आणि एवढेच विचारावे : “डॉक्टर, यांच्यासोबत ही नवी गोळी चालेल का?”

जय भीम!