बाग बघायला जरूर जा, पण खंदकातली भिंत बघून या



आमच्या कसबा बावड्यातले एक गुरुजी यंदा इंग्लंडला निघालेत. आयुष्यभर शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले, मुलीचं लग्न पार पडलं. आता गुरुजी आणि काकू एका टूर कंपनीबरोबर आठ दिवस इंग्लंडमधल्या ऐतिहासिक बागा बघणार आहेत. रोज एक-दोन बागा, सोबत माहिती सांगणारा गाईड, संध्याकाळी चहा-बिस्किटं. ही बातमी कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि आपली पोरं गुरुजींवर तुटून पडली. 'जयंतीच्या वर्गणीला पाचशे रुपये निघत नाहीत, गोऱ्यांची फुलं बघायला लाखो निघतात.' 'वस्तीत गटार तुंबलंय आणि हे गुलाब हुंगायला चाललेत.' गुरुजींनी एका शब्दानंही उत्तर दिलं नाही. त्यांनी ग्रुप सोडला.

मला या प्रकाराचा राग आला. आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या घरी जाऊन त्या सहलीचं माहितीपत्रक वाचलं, तेव्हा माहितीपत्रकाचाही राग आला. या लेखात दोघांशीही भांडायचं आहे.

आधी आपल्या पोरांशी.

माझी आई ताराबाई पार्कातल्या बंगल्यांमध्ये खुरपणीला जायची. शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर असायचो. ती दिवसभर उकिडवी बसून हिरवळीतलं तण काढायची, गुलाबाच्या आळ्यांत खत घालायची. एकदा मी त्या गवतावर बसलो, तर आईच ओरडली, 'ऊठ, साहेब बघतील.' ज्या गवताला तिनं जपलं, त्यावर तिचं पोर बसू शकत नव्हतं. मी फाटकाजवळच्या फरशीवर जाऊन बसलो. समाजशास्त्रात एम.ए. करताना श्रमापासून तुटलेल्या माणसाविषयी बरंच वाचलं, पण तो धडा मला त्या फरशीवरच मिळाला होता.

म्हणून सांगतो, बाग बघण्याचा हक्क ही किरकोळ गोष्ट नाही. महाडचं चवदार तळं आठवा. १९२७ साली बाबासाहेबांनी तिथे स्पष्ट केलं होतं की, त्या तळ्याचं पाणी प्यायलो नाही तर आपण मरू असं नाही. इतरांसारखीच आपणही माणसं आहोत, हे सिद्ध करायला आपण इथे आलो आहोत. मग तहानेचा हक्क आपला आणि डोळ्यांच्या सुखाचा हक्क मात्र त्यांचा, ही वाटणी कुणी केली? आपल्या वाट्याला फक्त मोर्चा, निवेदन आणि दुःख, आणि फुलं, संगीत, प्रवास हे सगळं 'त्यांचं', असं आपणच मानू लागलो तर मनुवाद्यांना वेगळं काही करायची गरजच उरणार नाही. गुरुजींच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हतं. त्यांचा नातू स्वतःच्या कष्टाच्या पैशानं तिकीट काढून इंग्रज सरदाराच्या बागेत ताठ मानेनं फिरणार असेल, तर तो टिंगलीचा विषय नाही.

आता त्या माहितीपत्रकाशी.

गुळगुळीत कागदावर सोळा पानं. स्टो, ब्लेनहाइम, स्टूरहेड, सिसिंगहर्स्ट. तळी, पूल, ग्रीक देवळांसारखे मंडप, पांढऱ्या फुलांचे ताटवे. सोळा पानांत हातात फावडं घेतलेला एकही माणूस नाही. जणू या बागा आकाशातून पडल्या आणि आपोआप फुलल्या. एक वाक्य तर असं आहे की इथे 'निसर्ग आणि माणूस एकरूप झाले'. कुठला माणूस? आणि कुणाला बाजूला सारून?

अठराव्या शतकातली इंग्लिश बाग म्हणजे फुलांचे वाफे नव्हेत. हवेलीच्या खिडकीतून नजर जाईल तिथवर हिरवळ, मध्ये नागमोडी तळं, लांबवर झाडांचे पुंजके, असा तो मोकळा देखावा. 'केपेबिलिटी' ब्राऊन हा त्यातला सगळ्यात गाजलेला बागकर्ता. १७४१ साली तो स्टोच्या बागेत कामाला लागला. आज स्टोच्या झाडीत एक जुनं चर्च लपलेलं दिसतं. बागेच्या मधोमध एकटं चर्च कशासाठी? कारण तिथे गाव होतं. गाव गेलं, देवाचं घर तेवढं राहिलं. ऑक्सफर्डजवळच्या न्यूनहॅम कोर्टनेला हारकोर्ट घराण्याच्या सरदारानं बागेच्या देखाव्यात येणारं गाव पाडून हमरस्त्याच्या कडेला नेलं. डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टननं तर मिडलटन नावाचं बाजाराचं अख्खं गाव टप्प्याटप्प्यानं उठवलं आणि लोकांसाठी दरीत मिल्टन ॲबस हे नवं गाव वसवलं. आज पर्यटक त्या गावातल्या सारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या घरांचे फोटो काढतात. तिथली एक हकीकत अजून सांगितली जाते. एक वकील घर सोडायला तयार होईना, तेव्हा लॉर्डनं पाण्याचे दरवाजे उघडून त्याच्या घरात पाणी सोडलं. वकिलानं दावा लावला आणि तो जिंकला. कायदा शिकलेला एक माणूस काय करू शकतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रश्न जमिनीचा. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडच्या संसदेनं सामायिक जमिनींना कुंपण घालणारे ५,२०० हून अधिक कायदे केले. सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या साधारण एक पंचमांश जमिनीवर याचा परिणाम झाला. गरिबाची गाय जिथे चरायची, जिथे तो सरपण गोळा करायचा, ती जमीन कागदोपत्री कुणाच्या तरी मालकीची झाली. गायरानासाठी हेलपाटे घालणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांना घेऊन जे सत्याग्रह केले, त्यांच्या मुळाशीही हाच प्रश्न होता: पडीक जमीन कुणाची?

तिसरा प्रश्न पैशाचा. यॉर्कशायरमधल्या हेअरवूड हवेलीमागे वेस्ट इंडीजमधल्या उसाचा पैसा आहे. तो ऊस गुलामांनी पिकवला होता. १८३३ साली ब्रिटननं गुलामीविरोधी कायदा केला, तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई ठरली. ती मिळाली मालकांना. ज्यांनी ऊस तोडला, त्यांना एक पैही मिळाली नाही. आमच्या बावड्यात गळीत हंगामात राजाराम कारखान्याच्या मळीचा वास घराघरात येतो. साखरेचा गोडवा कुणाच्या अंगणात आणि घाम कुणाच्या पाठीवर, हा हिशोब आम्हाला वासावरून कळतो.

आणि आपल्या देशाचा पैसा? प्लासीची लढाई जिंकणारा रॉबर्ट क्लाइव्ह अफाट संपत्ती घेऊन मायदेशी परतला. त्यानं सरे परगण्यात क्लेअरमॉन्ट ही इस्टेट विकत घेतली, जुनी हवेली पाडली आणि त्याच ब्राऊनला बोलावून नवी हवेली आणि बाग करायला घेतली. त्याच सुमारास, १७७० मध्ये, कंपनीच्या ताब्यातल्या बंगालमध्ये लोक उपासमारीनं मरत होते. या गोष्टी आपणच उकरून काढतो असंही नाही. ब्रिटनमधल्या नॅशनल ट्रस्टनं सप्टेंबर २०२० मध्ये स्वतःच अहवाल काढून आपल्या ९३ वास्तूंचा वसाहतवाद आणि गुलामीशी असलेला संबंध मान्य केला. त्यावर तिथल्या प्रस्थापितांनी केवढा गहजब केला! फुलांत राजकारण आणू नका म्हणाले. ओळखीचं वाक्य आहे ना? आपल्याकडे 'शिक्षणात जात आणू नका' म्हणतात, तेच हे.

पण या सगळ्यापेक्षा मला अस्वस्थ करणारी वस्तू वेगळीच आहे. तिचं नाव 'हा-हा'. हसू नका, खरंच हेच नाव आहे.

सरदाराला खिडकीतून अखंड हिरवळ हवी होती, पण बाहेरची गुरं आत यायला नको होती. उंच भिंत बांधली तर देखावा तुटतो. मग युक्ती काढली. हिरवळीच्या कडेला खंदक खणायचा. हवेलीच्या बाजूनं त्याला उभी दगडी भिंत बांधायची आणि शेताच्या बाजूनं उतार ठेवायचा. भिंतीचा माथा हिरवळीच्या पातळीला. हवेलीतून बघणाऱ्याला भिंत दिसतच नाही. त्याला वाटतं, आपल्या पायापासून क्षितिजापर्यंत सगळं एक आहे, मोकळं आहे. शेताकडून येणारा मात्र उतरत उतरत खाली जातो आणि त्याच्या तोंडासमोर दगड उभा राहतो. स्टोच्या बागेत चार्ल्स ब्रिजमननं ही युक्ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच वापरली. माहितीपत्रकात तिचं कौतुक 'कल्पक रचना' म्हणून केलं आहे.

मित्रांनो, आजची जात म्हणजे हा 'हा-हा' आहे. गावकुसाची भिंत उंच होती, सगळ्यांना दिसायची. आजची भिंत खंदकात उतरवली आहे. माळ्यावरून बघणारा म्हणतो, 'आता कुठे राहिली जात? आमच्या ऑफिसात तर कुणी विचारतसुद्धा नाही.' तो खोटं बोलतो असं नाही. त्याच्या जागेवरून ती खरंच दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी मी याच शहरात भाड्यानं घर शोधत होतो. घर पसंत पडलं, अनामत ठरली, चहा झाला. मग आडनाव विचारलं. संध्याकाळी फोन आला, 'भाचा राहायला येतोय.' शिवी नाही, अपमान नाही, पाटी नाही. नुसता उतार, आणि उताराच्या तळाशी दगड. मुलाखतीतलं 'मूळ गाव कुठलं?', वर्गातलं 'रँक किती?', सोसायटीतलं 'आमच्याकडे शाकाहारी लोक आहेत', ही सगळी त्याच बांधकामाची दगडं आहेत.

म्हणून गुरुजींनी बाग बघू नये असं मी म्हणत नाही. उलट, ती पूर्ण बघायची असेल तर आपल्यासारख्यानंच बघावी. भिंतीच्या खालच्या बाजूला पिढ्यान् पिढ्या उभा राहिलेला माणूसच खंदक ओळखू शकतो.

कोल्हापुरातून इंग्लंडला जाण्याची परंपरा जुनी आहे. १८७० साली छत्रपती राजाराम महाराज तिकडे गेले. परतताना इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं, आणि तिथल्या काशिने या बागेत त्यांच्या नावाची छत्री आजही उभी आहे. १९०२ साली याच बावड्यात जन्मलेले शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला गेले. त्याच दौऱ्याच्या काळात, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर संस्थानात मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. १९२० साली बाबासाहेब अपुरं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले, त्यामागे शाहू महाराजांचीही मदत होती. ते ज्या ग्रेज इन संस्थेत बॅरिस्टर झाले, तिथेही एक ऐतिहासिक बाग आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस बेकननं आखलेली. गुरुजींच्या माहितीपत्रकात ती नाही. किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घरही नाही, जिथे १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहिले आणि जे २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं.

एका प्रवासाची छत्री झाली, एकाच्या काळात आरक्षणाचा आदेश निघाला, एकातून संविधानाचा शिल्पकार घडला. आपला प्रवास काय घेऊन येणार? फ्रिजवर लावायचं चुंबक?

मी गुरुजींना पाच कामं सांगून आलोय. स्टोला गेलात की गाईडला सगळ्यांसमोर विचारा, इथलं गाव कुठे गेलं? प्रत्येक बागेत आजच्या माळ्याशी बोला, पगार विचारा. 'हा-हा' दिसला की शेताच्या बाजूनं खाली उतरा आणि तिथून फोटो काढा. टूर संपल्यावर एक दिवस जास्त राहा, किंग हेन्रीज रोडला जा. आणि काकूंना हिरवळीवर बसवा, निवांत, पाय पसरून. कुणी ऊठ म्हणणार नाही.

आणि तुम्हा पोरांना एकच काम सांगतो. गुरुजींना फोन करा, माफी मागा. ते परतले की विहारात त्यांचे फोटो पडद्यावर लावू, खाली बसून बघू. मग येत्या २६ जूनला लक्ष्मीविलास पॅलेसपासून निघून आपल्याच शहरातल्या बागा पायी बघू. प्रत्येक बागेत एकच प्रश्न विचारू: इथलं तण कोण काढतं आणि गवतावर कोण बसतं?

माझी आईही येणार आहे. तिला खुरपं आणू नको म्हणून सांगितलंय.

जय भीम!