मध देत नाही म्हणून

दिवाळीला कोरेगावला घरी गेलो, तर चुलते पाठीवर फवारणीचा पंप चढवून लॉनवर उभे. लॉन म्हणजे काय, बंगला बांधला तेव्हा नर्सरीतून आणून अंथरलेलं गवत. एका कोपऱ्यात ते जळालं होतं, आणि त्या उघड्या मातीत पेन्सिल जाईल एवढी वीसेक भोकं. पंपात क्लोरपायरीफॉस.

"आरं, खाली पोळं झालंय. पोरं खेळत्यात इथं."

पोळं नव्हतं. घरात कुणी ऐकलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य जमिनीतच घर करतात. बहुतेकींना ना राणी, ना कामकरी, ना मध. एक मादी, तिचं एक भोक. आत परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते, संपलं. राखायला साठाच नाही, म्हणून अंगावर येत नाही. हातात दाबली तरच डंख मारेल. नराला तर डंखच नसतो. एकाच मोठ्या भोकातून सतत ये-जा दिसली तर मात्र लांब राहा, ती गांधीलमाशी असू शकते. एवढा फरक ओळखायला दहा मिनिटं बघत बसावं लागतं. आम्ही कोडमधला बग न बघता फाइलच डिलीट केली तर नोकरी जाईल.

आपल्याच सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून मान मिळाला. अभिमान मलाही आहे. पण आपलं प्रेम बाटलीत भरता येतं तेवढंच आहे का?

कुंपणापलीकडे चुलत्यांचाच वांग्याचा प्लॉट आहे. वांग्याच्या फुलातला पराग उघडा पडलेला नसतो, परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून तो झटकून काढावा लागतो. वाऱ्यानं थोडा पडतो. पेटीतल्या मधमाशीला ते जमत नाही. जमतं ते अंगावर निळे पट्टे असलेल्या, जमिनीत राहणाऱ्या माशीला: फुलाला धरून ती अंग थरथरवते, मोबाईल व्हायब्रेट व्हावा तशी. टोमॅटोचंही तेच. म्हणजे ज्या मजुराला रोज द्यावा लागत नाही, त्याच्या घरात आपण विष ओततो, तेही सणाच्या दिवशी.

करायचं काय होतं? काहीच नाही. उडणारी माशी काही आठवड्यांत संपते. पुढच्या वर्षी नको असेल तर तिथं गवत दाट होऊ द्या, पाणी मारा. तिला कोरडी, उघडी जागा लागते. आणि बांधाकडेला तेवढी जागा न नांगरता सोडा.

परवा चुलत्यांचा फोन आला. वांग्याची फुलं गळतायत, कुठलं औषध मागवू? फूलगळीला कारणं बरीच असतात, ऊन, खत, पाणी. सगळा दोष त्या पंपाचा असं मी म्हणणार नाही. मी फक्त लॉनचं विचारलं.

"झकास! एक माशी न्हाई."