प्रार्थनामंदिरातील यंत्र आणि आपली हळहळ

स्पेनमधील बार्सेलोना शहरी तोरे जिरोना नावाचे प्रार्थनामंदिर आहे. तेथील उपासना थांबल्यानंतर २००५ साली त्याच्या कमानींखाली, काचेच्या भव्य दालनात, 'मारेनोस्ट्रम' हा महासंगणक नांदू लागला. त्याची पाचवी आवृत्ती २०२३ साली शेजारच्या नव्या इमारतीत सुरू झाली. मात्र प्रार्थनामंदिरातील यंत्राची छायाचित्रे आजही पाहिली जातात आणि 'जेथे मिस्सा होत असे तेथे यंत्रे बसविली!' अशी हळहळ आपले भाविक व्यक्त करतात.

ही हळहळ आम्हांला मान्य नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२२२ वे कलम सांगते की, जे चर्च उपासनेसाठी वापरता येत नाही आणि ज्याची दुरुस्तीही शक्य नाही, ते बिशप लौकिक कार्यासाठी मोकळे करू शकतात. अट एवढीच की ते कार्य हीन असू नये. रोगांवर औषधे शोधण्यासाठी किंवा हवामानाचा अभ्यास करण्यासाठी चालणारी गणिते हीन आहेत, असे कोण म्हणेल? उभी वास्तू पाडून नवी बांधणे म्हणजे दगड, चुना आणि माणसाचे श्रम यांची उधळपट्टी होय. शिकागोत दूरध्वनीच्या याद्या आणि मालाची सूचिपत्रे छापणारा प्रचंड छापखाना १९९३ साली बंद पडला. अवजड छपाईयंत्रांसाठी घातलेल्या त्याच्या भक्कम जमिनींनी पुढे संगणकांचा भार सहज पेलला. ह्यात विटंबना कोठे आली?

विटंबना आहे, पण ती निराळ्याच ठिकाणी. डेटा सेंटरला लागणारी जवळजवळ सारी वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते आणि ती उष्णता अहोरात्र बाहेर काढावी लागते. त्यासाठी बहुतेक ठिकाणी विजेवर चालणारी शीतयंत्रे किंवा पाण्याची वाफ करणारे मनोरे वापरतात. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जाते. एक मेगावॅटचे केंद्र दिवसाला चोवीस हजार युनिट वीज घेते. त्याची सारी उष्णता ह्या मार्गाने काढावयाची, तर छत्तीस हजार लिटर पाणी हवेत उडून जाईल. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर! टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसणाऱ्या आमच्या वाचकभगिनींना ह्या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

निसर्गाचा गारवा वापरूनही हे काम होते. फिनलंडमधील हामिना येथे गूगलने २००९ साली कागदाची बंद गिरणी विकत घेतली आणि तिच्या जुन्या बोगद्यातून समुद्राचे थंड पाणी आणून यंत्रे निववली. हेलसिंकीत उस्पेन्स्की कॅथेड्रलखाली दुसऱ्या महायुद्धातील आश्रयगुहेत २०१० च्या सुमारास एक केंद्र सुरू झाले. यंत्रांची उष्णता नळांवाटे शहरातील घरे उबदार करण्यासाठी देण्याची सोय तेथे केली गेली. वर प्रार्थना, खाली गणिते, आणि दोहोंच्या शेजारी कुडकुडणाऱ्यांना ऊब! नॉर्वेत तर 'नाटो'च्या दारूगोळ्याच्या जुन्या भुयारात फ्योर्डच्या पाण्यावर असे केंद्र चालते. जेथे संहाराची सामग्री साठवली जाई, तेथे आज माहिती साठते.

'फादर, फिनलंडचा गारवा आपल्याकडे कोठून आणायचा?' असा प्रश्न विचारला जाईल. प्रश्न रास्त आहे. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरांची रांग उभी राहिली आहे, आणि तेथील हवा उष्ण व दमट आहे. दमट हवेत पाण्याची वाफ मंद होते, आपला समुद्रही कोमट. परंतु परक्या देशाची नक्कल करा, असे आमचे म्हणणे नाहीच. ज्या भूमीवर आपण उभे आहोत, तिला विचारून बांधा, एवढेच आम्ही म्हणतो. सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना पुरविण्याची सोय नवी मुंबईत झालेली आहे. मग यंत्रांना पिण्याचे पाणी का पाजावे? प्रत्येक केंद्र किती पाणी पिते, हा आकडा दरवर्षी जाहीर करणे सक्तीचे का नसावे? ज्या कामाला तातडी नाही, ते थंड प्रदेशातील केंद्राकडे का सोपवू नये?

शुद्ध पेयजल हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' ह्या परिपत्रकात निःसंदिग्धपणे सांगितले. यंत्राला असा हक्क कोणीही दिलेला नाही. म्हणून धर्मग्रामातील सुशिक्षित तरुणांना, विशेषतः ह्याच उद्योगात नोकरी करणाऱ्यांना, आमचे आग्रहाचे सांगणे आहे: आपल्या कचेरीत हा प्रश्न विचारा, नगरपालिकेत विचारा, मत मागावयास येणाऱ्यांना विचारा. रिकाम्या प्रार्थनामंदिरात यंत्र बसले म्हणून देवाचा अपमान होत नाही. तहानलेल्याच्या वाट्याचे पाणी यंत्राने वाफ करून उडविले आणि आपण गप्प बसलो, तर मात्र तो निश्चित होतो.