दोघांच्या मध्ये उभे राहणारे

नववीला संयुक्त राष्ट्रांचा पाठ शिकवायला घेतला की एक प्रश्न हमखास येतो : ‘‘मॅडम, भांडण त्यांचे, मग सैनिक आपले कशाला?’’ हाच प्रश्न हल्ली मोठी माणसेही विचारू लागली आहेत, फक्त उलट्या बाजूने. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २८०३ मंजूर करून गाझासाठी आंतरराष्ट्रीय फौज उभारायला परवानगी दिली. १३ मते बाजूने पडली, रशिया आणि चीन तटस्थ राहिले. त्याआधीच, सप्टेंबरात, इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी २०,००० किंवा त्याहूनही जास्त सैनिक देण्याची तयारी दाखवली होती. तेव्हापासून आपल्या घरांतून ऐकू येते, ‘‘मुस्लिम देश फौज का पाठवत नाहीत? अजून किती मय्यती पाहायच्या?’’

ही तळमळ खरी आहे. पण दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये जाऊन उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या देशाने आणि आपल्या मराठी माणसांनीही अनुभवलेले आहे. त्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही.

१९५३ सालची गोष्ट. २७ जुलैला कोरियातले युद्ध थांबले, पण हजारो कैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांचा निर्णय होईपर्यंत त्यांना सांभाळायचे कोणी? भारत स्वतंत्र होऊन सहाच वर्षे झालेली. तिजोरी बेताची, फाळणीच्या जखमा ताज्या. तरी हे काम भारताने अंगावर घेतले. कैद्यांसाठी नेमलेल्या पाच देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि पहाऱ्यावरच्या भारतीय दलाचे प्रमुख होते आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात.

आता गंमत पाहा. गंमत कसली, अपमानच तो. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना भारत कम्युनिस्टांकडे झुकलेला वाटे. भारतीय सैनिकाचे पाऊल आपल्या जमिनीला लागू द्यायचे नाही, असे ते अडून बसले. शेवटी आपली माणसे इंचॉनच्या समुद्रात जहाजावरून हेलिकॉप्टरने उचलून थेट दोन्ही सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावी लागली. मदतीला बोलावलेल्या पाहुण्याला अंगणातूनही जाऊ न देण्याचाच हा प्रकार!

एका बाजूचे २२,००० हून जास्त कैदी, दुसऱ्या बाजूचे ३५९. छावण्यांच्या आत कैद्यांचेच म्होरके राज्य करत. सप्टेंबरात त्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून ओलीस धरले. बंदुका चालवल्या असत्या तर शेकडो मेले असते. थोरात स्वतः त्या जमावात गेले, बोलत बसले, ग्रेवालना सोडवून बाहेर आले. दरवेळी मात्र असे जमले नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कैद्यांनी दंगा केला तेव्हा आपल्या सैनिकांना गोळीबार करावा लागला आणि त्यात काही कैदी मेले. ज्यांना सांभाळायला गेलो त्यांच्यावरच बंदूक उचलावी लागली. शेवटी ८८ कैद्यांनी दोन्हीकडे पाठ फिरवली. ते भारतीय दलाबरोबर आपल्या देशात आले.

आता गाझाकडे या. सुवेझच्या युद्धानंतर, १९५६ च्या अखेरीस, संयुक्त राष्ट्रांची फौज इजिप्त आणि इस्राएल यांच्या सीमेवर उभी राहिली. तिच्यात भारतीय पलटणी होत्या. दहाहून जास्त वर्षे आपले जवान आळीपाळीने गाझापट्टीत राहिले. आज टीव्हीवर जी नावे आपण सुन्न होऊन ऐकतो, त्या गावांच्या कडेने त्यांनी गस्त घातली.

पण ही फौज एकाच बाजूच्या जमिनीवर होती. इस्राएलने तिला आपल्या हद्दीत कधीच घेतले नाही. म्हणजे सगळी मदार इजिप्तच्या होकारावर. मे १९६७ मध्ये नासर यांनी सांगितले, निघा. सरचिटणीस ऊ थांट यांनी ते मान्य केले. जवान परतीच्या तयारीत असतानाच ५ जूनला युद्ध पेटले आणि इस्राएली माऱ्यात १४ भारतीय जवान मारले गेले. कोणाशीही वैर नसलेली ही माणसे घरी निघाली होती.

आणि अगदी अलीकडे, १३ मे २०२४ ला, राफाहमध्ये संयुक्त राष्ट्रांची खूण असलेल्या गाडीवर हल्ला झाला आणि निवृत्त कर्नल वैभव काळे त्यात गेले. ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात काम करत होते, इस्पितळाकडे निघाले होते. त्यांचे कुटुंब पुण्याचे. त्या दिवशी गाझाची बातमी मराठी घरात शिरली.

मग लहान देश या फंदात पडतातच का? फिजीचे उदाहरण घ्या. नऊ-साडेनऊ लाख वस्तीचा देश, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही लहान. तरी त्याचे सैनिक सिनाईत, गोलानमध्ये वर्षानुवर्षे पहारा देतात. २०१४ मध्ये गोलानमध्ये एका सशस्त्र टोळीने त्यांचे ४५ जण पकडून नेले होते. दोन आठवड्यांनी सुटले, तरीही फिजी हटला नाही. संयुक्त राष्ट्रे सैनिकामागे महिन्याला सुमारे १,४०० डॉलर त्या त्या सरकारला देतात. गरीब देशाला ही रक्कम मोठी, शिवाय जगात मान मिळतो. कुवेतच्या पैशावर घर उभे करणाऱ्या कोकणी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपण त्यांना भाडोत्री म्हणू नये असे मला वाटते.

माझे मत विचाराल तर फौज पाठवायला माझा विरोध नाही. मिरकरवाड्यात पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात तंटा होतो तेव्हा सुलह करणारा माणूस दोघांनाही मान्य असावा लागतो. एकाने नेमलेला पंच दुसऱ्याला शत्रूचा माणूस वाटतो. गाझासाठीची नवी फौज निळ्या टोपीची नाही, ती संयुक्त राष्ट्रांच्या हुकमतीखाली नाही. नागरिकांचे रक्षण आणि मदत पोहोचवण्याबरोबर तिथल्या सशस्त्र गटांची हत्यारे काढून घेण्याचे कामही ठरावाने तिच्याकडे दिले आहे. दोघांच्या मध्ये उभे राहणे आणि दोघांपैकी एकाची हत्यारे काढून घेणे, ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. दुसरे काम करताना जकार्ताच्या एखाद्या आईच्या मुलाला उद्या गाझातल्याच मुलावर बंदूक रोखावी लागली, तर थोरातांच्या जवानांवर आला तोच प्रसंग त्याच्यावर येईल.

म्हणून कोणता देश किती सैनिक देतो आहे ही बातमी आली की आकड्यावर थांबू नका. त्यांना काम काय नेमून दिले आहे, हुकूम कोणाचा चालणार आणि कोणी ‘निघा’ म्हटले तर ते निघणार, ते त्याच बातमीत खाली कुठेतरी बारीक अक्षरात असते. ते आधी वाचा.