अनामत घेताना नोंद, परत करताना मौन

मुंबईच्या उपनगरांत भाड्याचे घर मिळवणे किती जिकिरीचे आहे, याची चर्चा नित्य होत असते. ते घर सोडून थेट परदेशी जाणाऱ्याच्या वाट्याला काय येते, याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतून नोकरीसाठी वा शिक्षणासाठी लंडन, टोरांटो, सिडनी गाठणारी तरुण कुटुंबे आता अपवादात्मक राहिलेली नाहीत. विमानाची तारीख ठरलेली असते. किल्ल्या घाईघाईने दलालाच्या किंवा शेजाऱ्याच्या हाती दिल्या जातात आणि अनामत रक्कम ‘घर पाहून’ आठवड्याभरात पाठवण्याचे आश्वासन मिळते. महिन्याभराने हिशेब येतो तो असा: सबंध घराचे रंगकाम, ओट्याची दुरुस्ती, न्हाणीघरातील नळ, साफसफाई आणि ‘किरकोळ’. दीड लाखांतील साठ-सत्तर हजार गेलेले असतात. पावत्या मागाव्यात तर उत्तर येत नाही.

सारेच घरमालक लबाड असतात असे समजणे अन्यायाचे होईल. उपनगरांत दुसरे लहानसे घर घेऊन त्याच्या भाड्यावर निवृत्तीनंतरचा संसार चालवणारे पुष्कळ आहेत, आणि थकलेले वीजबिल व मोडकी दारे मागे टाकून पसार होणारे भाडेकरूही त्यांनी पाहिलेले आहेत. त्यांच्या भीतीला इतिहासही आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात प्रमाणभाड्याखेरीज पागडी वा अनामत घेणे हा गुन्हा होता. पुढे १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेले परवानाधारक एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने ही घडी बदलली. त्याच्या ५६व्या कलमाने अनामत घेणे कायदेशीर ठरले. ती किती घ्यावी, कोठे ठेवावी आणि कशी परत करावी, याविषयी मात्र काहीच सांगितले गेले नाही. अंगावरची भीती उतरली, पण तिची किंमत भाडेकरूच्या खिशातून वसूल होत राहिली.

ज्याला सर्वजण भाडेकरार म्हणतात तो येथे बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार असतो, आणि सारी मेख तेथेच आहे. भाडेपट्ट्याला मालमत्ता हस्तांतरण कायदा लागू होतो. त्याच्या १०८व्या कलमात घर पूर्वस्थितीत परत करताना वाजवी झीज सोडून द्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. परवान्याचे मूळ १८८२ च्याच सुखाधिकार कायद्यात आहे, आणि तेथे झिजेचा असा उल्लेख नाही. तेव्हा दोन पावसाळ्यांनी भिंतीवर आलेली ओल ही झीज की नुकसान, हे करारातील एखाद्या मोघम वाक्यावर ठरते. ते वाक्यही बहुधा दलालाच्या छापील नमुन्यातले असते.

शासनाला या रकमेची माहिती नाही असेही नाही. करार लेखी व नोंदणीकृत असावा, असे ५५व्या कलमाने बंधन घातले असून नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. मुद्रांक शुल्क आकारताना परतीच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज कल्पून ते भाड्यात मिळवले जाते आणि त्या बेरजेवर पाव टक्का शुल्क घेतले जाते. दीड लाखांवर दोन वर्षांचे हे कल्पित व्याज ३०,००० रुपये होते. सरकार त्यावर ७५ रुपये घेते. ठेव ठेवणाऱ्याला त्या व्याजातले काहीही मिळत नाही. व्याज राहो, मुद्दल परत गेले की नाही हे विचारणारा रकानाही कोठे नाही.

वाद न्यायालयात न्यावा, तर परदेशस्थाची खरी कुचंबणा तेथे सुरू होते. पोलीस प्रकरण दिवाणी आहे असे सांगून मोकळे होतात. मुखत्यारपत्र तेथील नोटरीकडून वा भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्यावे लागते आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावावा लागतो. एवढे करून मुलुंडचे वडील मुखत्यार म्हणून उभे राहिले, तरी मुलाच्या व्यक्तिगत माहितीतील गोष्टींबाबत त्यांना त्याच्या जागी साक्ष देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानकी वाशदेव भोजवानी प्रकरणात डिसेंबर २००४ मध्ये हे स्पष्ट केले आहे. दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेता येते, हे त्याच न्यायालयाने २००३ मध्ये मान्य केले खरे. पण साठ हजारांसाठी तेवढा खटाटोप कोण करणार? मुदतीच्या कायद्याचाही येथे आधार नाही. प्रतिवादी देशाबाहेर असेल तर तो काळ मुदतीतून वगळला जातो. वादी बाहेर असेल तर नाही.

आता हेच कुटुंब लंडनमधील घर सोडून मुंबईला परत येते, असे समजा. इंग्लंडमध्ये एप्रिल २००७ पासून नेहमीच्या खासगी भाडेकरारांची अनामत मान्यताप्राप्त योजनेच्या संरक्षणाखाली ठेवणे सक्तीचे आहे, आणि २०१९ च्या कायद्याने ती सर्वसाधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली. कपातीवर मतभेद झाला तर दोन्ही पक्षांच्या संमतीने योजनेचा लवाद विनाशुल्क निर्णय देतो, तोही कागदपत्रे पाहून. रक्कम भाडेकरूची असे गृहीत धरलेले असते. कपात योग्य होती हे मालकाने सिद्ध करायचे असते. म्हणजे लंडनचे घर सोडून आलेल्याला घाटकोपरमध्ये बसून दाद मागता येते, आणि घाटकोपरचे घर सोडून लंडनला गेलेल्याला ती मागणे जवळजवळ अशक्य होते. माणूस तोच आणि कपातीचे कारणही तेच असेल. पैसा कोणाच्या हाती राहतो, एवढाच फरक. न्यू साउथ वेल्समध्ये तर अशा ठेवी सांभाळणारे मंडळ १९७७ च्या कायद्यानेच स्थापन झाले होते.

केंद्राने २०२१ मध्ये मान्य केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरांची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे, आणि वाजवी देणे वजा करून ती घराचा ताबा घेतानाच परत करावी असे म्हटले आहे. परंतु तो नमुना आहे. राज्याच्या विधिमंडळाने स्वीकारल्याखेरीज त्याला येथे बळ नाही. शिवाय मर्यादा घातल्याने रक्कम लहान होईल, कपातीचा वाद मिटणार नाही.

अधिक उपयोगी गोष्ट साधी आहे. भाडेकराराची नोंदणी आता घरबसल्या बोटांचे ठसे देऊन ऑनलाइन होते. त्याच व्यवस्थेत कराराच्या शेवटीही दोघांचे ठसे घेऊन ताबा परत दिल्याची तारीख, मीटरचे आकडे, घराची छायाचित्रे आणि परत केलेली रक्कम नोंदवता येईल. कपात करायची असेल तर मालकाने तीस दिवसांत पावत्यांसह तेथेच दाखल करावी, अन्यथा पूर्ण रक्कम देय ठरावी. मालकांना हे जाचक वाटेल, अशी शंका घेतली जाईल. ज्याने खरोखर नळ बदलला आहे त्याच्याजवळ नळाची पावती असतेच.