राजाने उघडलेली शाळा

रोमानियाचा खराखुरा राजा मिहाय याला कम्युनिस्टांनी १९४७च्या अखेरीस सिंहासन सोडायला लावले. त्यानंतर त्या देशात राजा म्हणून लोकांनी आपखुशीने मानला, तो एक फुटबॉलपटू. उंची बेताची, अंगाने आडवा, डाव्या पायाचा आणि डोक्याने भलताच गरम. त्याचे नाव गेओर्गे हाजी.

आडनाव वाचून पुष्कळांचा गोंधळ होतो. पण हा हाजी मुसलमान नव्हे. बाल्कन प्रदेशातील ख्रिस्ती मंडळी जेरुसलेमची यात्रा करून आली की तुर्की अमदानीत त्यांच्या नावामागे ‘हाजी’ लागत असे. पुढे ते आडनावच होऊन बसले. गेओर्गेचे घराणे आरोमानियन, म्हणजे बाल्कनमध्ये विखुरलेल्या एका छोट्या लॅटिनभाषी समाजातील. त्याचा जन्म ५ फेब्रुवारी १९६५ रोजी काळ्या समुद्राजवळच्या सचेले नावाच्या गावी झाला.

ज्या वाचकांनी १९९४च्या विश्वचषकासाठी दूरदर्शनसमोर रात्री जागवल्या असतील, त्यांना हा माणूस विसरता येणार नाही. अमेरिकेतील पॅसाडेना येथे १८ जून रोजी रोमानियाची गाठ कोलंबियाशी होती. कोलंबियाला त्या वेळी अनेक जाणकार संभाव्य विजेते मानत होते. हाजीला डाव्या कडेला चेंडू मिळाला. गोल जवळजवळ चाळीस मीटर लांब. तिथून कुणी गोलवर मारत नाही, मधे कुणाला तरी पास देतो. हाजीने मान वर केली, गोलरक्षक दोन पावले पुढे आल्याचे पाहिले आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून थेट जाळ्यात सोडला. रोमानियाने तो सामना ३-१ असा जिंकला. पुढे अर्जेंटिनालाही ३-२ असे घरी पाठवले. उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनने पेनल्टीवर हरवले नसते, तर त्या संघाने कुठवर मजल मारली असती, यावर रोमानियात आजही वाद घालता येतो.

‘कार्पेथियन पर्वतातला मॅराडोना’ हे बिरुद त्याला जगाने दिले. मला ते फारसे रुचत नाही. कुणाला तरी कुणाचा तरी ‘प्रति’ म्हटले की त्या माणसाचे स्वतःचे काही उरत नाही. पण ते असो.

हाजी घडला कसा, हे पाहण्यासारखे आहे. कारण त्याने पुढे जे केले त्याचे मूळ तिथे आहे. दहाएक वर्षांचा असताना तो कॉन्स्टान्त्सा या बंदराच्या शहरातील ‘फारुल’ क्लबच्या मुलांत खेळू लागला. फारुल म्हणजे दीपगृह. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याला बुखारेस्टच्या ‘लुचाफारुल’ केंद्रात नेण्यात आले. देशभरातील होतकरू मुले हेरून त्यांना एकत्र ठेवायचे, शिकवायचे, खेळवायचे अशी ती सरकारी योजना होती. अठराव्या वर्षी तो राष्ट्रीय संघात आला. विद्यार्थ्यांचा क्लब समजल्या जाणाऱ्या ‘स्पोर्तुल स्तुदेन्त्सेस्क’कडून खेळताना १९८५-८६च्या मोसमात त्याने ३१ गोल केले.

मग फेब्रुवारी १९८७मध्ये एक गंमत झाली. लष्कराचा क्लब असलेल्या ‘स्तेआवा’ला युरोपियन सुपर चषकाच्या एका सामन्यासाठी हाजी हवा होता. एकाच सामन्यासाठी, उसना. मोनॅकोत कीव्हच्या डायनॅमोविरुद्ध तो खेळला, सामन्यातील एकमेव गोल त्यानेच केला आणि उसनी वस्तू स्तेआवाने परत केलीच नाही! चाउशेस्कूच्या राज्यात लष्कराच्या क्लबाकडे तगादा कोण लावणार?

डिसेंबर १९८९मध्ये ती राजवट कोसळली आणि खेळाडूंना परदेशाची दारे उघडली. हाजी १९९०मध्ये थेट रेआल माद्रिदला गेला. दोन वर्षांनी तो इटलीतील ब्रेशिया या लहानशा क्लबात आला, तिथे मिर्चा लुचेस्कू हा त्याचाच देशबांधव प्रशिक्षक होता. पहिल्याच मोसमात क्लबची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. इतका मोठा खेळाडू अशा वेळी निघून गेला असता तर कुणी नावे ठेवली नसती. हाजी थांबला, दुसऱ्या श्रेणीत खेळला, क्लबला पुन्हा वर आणले आणि तिथूनच १९९४च्या विश्वचषकाला गेला. त्यानंतर बार्सिलोनात योहान क्रायफच्या हाताखाली दोन वर्षे झाली. तिथे तो फारसा चमकला नाही. पण लहान मुलांना एकाच पद्धतीने घडवत मोठ्या संघापर्यंत कसे आणायचे, हे त्याने तिथे जवळून पाहिले.

१९९६मध्ये तो इस्तंबूलच्या गालातासारायकडे गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. उतरणीला लागलेला खेळाडू पैशासाठी तुर्कस्तानात गेला, असेच बहुतेकांना वाटले. प्रत्यक्षात गालातासारायने लागोपाठ चार वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मे २०००मध्ये कोपनहेगनला युएफा चषकाच्या अंतिम सामन्यात आर्सेनलशी गाठ पडली. जादा वेळेत हाजीचे डोके फिरले, त्याने टोनी ॲडम्सवर हात उगारला आणि लाल कार्ड घेऊन तो बाहेर गेला. दहा जणांनी किल्ला लढवला, सामना पेनल्टीवर गेला आणि निर्णायक पेनल्टी मारली गेओर्गे पोपेस्कूने. हा पोपेस्कू म्हणजे हाजीचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांची नावे गेओर्गे आणि दोघेही एकाच संघात! धाकल्या-थोरल्यात कोण कुणाची बाजू सावरतो हे घरोघरी चालणारे नाटक इथे साऱ्या युरोपसमोर झाले. एकाने घालवलेले दुसऱ्याने राखले. तुर्की क्लबने जिंकलेला तो पहिला युरोपियन चषक.

महिन्याभराने युरो २०००मध्ये इटलीविरुद्ध राष्ट्रीय संघातर्फे अखेरचा सामना खेळताना हाजीला पुन्हा लाल कार्ड मिळाले. असा निरोप कुणी लिहून दिला असता तर संपादकाने अतिरंजित म्हणून परत केला असता.

आणि मग सुरू झाला तो काळ, ज्याबद्दल त्याचे चाहते जरा आवंढा गिळूनच बोलतात.

२००१मध्ये खेळणे सोडले आणि त्याच वर्षी हाजी रोमानियाचा राष्ट्रीय प्रशिक्षक झाला. ना हाताशी अनुभव, ना कुठे उमेदवारी केलेली. नोव्हेंबरमध्ये विश्वचषकाच्या पात्रता लढतीत स्लोव्हेनियासारख्या छोट्या देशाने रोमानियाला रोखले आणि हाजीची गच्छंती झाली. पुढे तुर्कस्तानातील बुर्सास्पोर, तिथूनही लवकरच बाहेर. गालातासारायने त्याला बोलावले. २००५मध्ये तुर्की चषकाच्या अंतिम सामन्यात फेनरबाहचे या सनातन वैऱ्याला ५-१ असे लोळवूनही तो मोसमाअखेर गेला. मग तिमिशोआरा. २००७मध्ये स्तेआवा, तिथे मालकाच्या ढवळाढवळीला कंटाळून काही महिन्यांत राजीनामा. २०१०मध्ये पुन्हा गालातासाराय आणि मार्च २०११मध्ये पुन्हा हकालपट्टी. दहा वर्षांत इतकी बिऱ्हाडे हलवली, पण संसार कुठेच लागला नाही.

असे का व्हावे? थोर खेळाडू चांगले शिक्षक नसतात, असे आपण सहज बोलून जातो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. ज्याला चाळीस मीटरवरून गोल दिसतो, त्याला तो कसा दिसला हे दुसऱ्याला सांगता येत नाही आणि समोरच्याला दिसत नाही म्हणून तो चिडतो. तिशीच्या घरातील, सवयी पक्क्या झालेल्या, पगार मोजणाऱ्या खेळाडूंसमोर हाजीचे हेच होत असावे, असा माझा अंदाज आहे. बारा वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याला अजून काय दिसते आणि काय नाही, हे ठरायचे असते.

या धरसोडीच्या मधल्या काळातच, २००९मध्ये, हाजीने कॉन्स्टान्त्साजवळच्या ओविदिउ या लहान गावात फुटबॉलची शाळा काढली. (गावाचे नाव रोमन कवी ओव्हिडवरून आहे. सम्राट ऑगस्टसने त्याला याच किनाऱ्यावर हद्दपार केले होते, आणि बिचारा इथल्या थंडीच्या तक्रारी रोमला लिहून पाठवीत राहिला.) मैदाने, राहण्याची सोय, प्रशिक्षक, डॉक्टर हे सगळे उभारायला त्याने स्वतःच्या कमाईतले लक्षावधी युरो घातले. मुलांना मोठेपणी खेळायला संघ हवा म्हणून क्लबही काढला. त्याचे नाव ‘वीतोरुल’, म्हणजे भविष्यकाळ. क्लबने तिसऱ्या श्रेणीपासून सुरुवात केली आणि २०१२मध्ये तो पहिल्या श्रेणीत पोहोचला.

पैसेवाल्याचा छंद म्हणून याकडे पाहणारे तेव्हा पुष्कळ होते. पण रोमानियात त्या वेळी काय स्थिती होती ते लक्षात घ्यायला हवे. जुनी राजवट वाईटच होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण क्लबांना आणि क्रीडाशाळांना सरकारी पैसा मिळत होता. १९८९नंतर तो आटला. क्लब खासगी मालकांकडे गेले, ते कर्जात बुडाले, काही बंद पडले. मालकांना उद्याचा सामना जिंकायचा होता; दहा वर्षांनी खेळणाऱ्या पोराला आज दूध-अंडी घालायला कुणाकडे सवड नव्हती. १९९८ ते २०२२ या काळात पहिल्या वर्षाचा अपवाद वगळता एकाही विश्वचषकाला रोमानिया पात्र ठरला नाही. ज्या लुचाफारुलमध्ये हाजी घडला, तसे काही उरलेच नव्हते. ते त्याने स्वतःच्या खिशातून पुन्हा बांधायला घेतले.

हिशेब सरळ होता आणि कठीणही. मुले घडवायची, सतरा-अठराव्या वर्षी पहिल्या संघात उतरवायची, चांगली झाली की विकायची आणि आलेला पैसा धाकट्या मुलांवर घालायचा. म्हणजे झाड फळाला आले की पहिले फळ बाजारात! अशा संघाने जिंकायचे कधी?

२०१४पासून हाजी स्वतःच वीतोरुलचा प्रशिक्षक झाला. २०१६-१७च्या मोसमात ऐन मध्यावर, जानेवारीत, त्याने राझवान मारिन हा आपला उमदा मधल्या फळीतला खेळाडू बेल्जियमच्या स्टँडर्ड लिएजला विकला. तरीही मे महिन्यात वीतोरुल राष्ट्रीय विजेता झाला. एफसीएसबी, म्हणजे जुन्या स्तेआवाच्या वारशावर हक्क सांगणारा बुखारेस्टचा धनाढ्य क्लब, गुणांत बरोबरीला होता. आपसातील सामन्यांच्या निकषावर विजेतेपद पोरांकडे गेले. प्रतिस्पर्ध्याने ते आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादापर्यंत नेले, पण निकाल बदलला नाही. आठ वर्षांपूर्वी ज्या क्लबचे नावही नव्हते, तो देशाचा विजेता. अर्थात पुढची पायरी उंच होती. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत सायप्रसच्या आपोएलने परतीच्या सामन्यात चार गोल घालून त्यांना जमिनीवर आणले. पोरे पोरेच होती.

या शाळेत एक विद्यार्थी असा होता, ज्याच्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले. यानिस हाजी, गेओर्गेचा मुलगा, १९९८मध्ये इस्तंबूलला जन्मलेला. डिसेंबर २०१४मध्ये सोळाव्या वर्षी तो पहिल्या श्रेणीत खेळला आणि सतरावे सरायच्या आत कर्णधारही झाला. बाप मालक, बाप प्रशिक्षक, मुलगा कर्णधार! लोकांनी तोंडाला येईल ते बोलायला कमी केले नाही. आईबापांपैकी जे शिक्षक आहेत आणि ज्यांचे मूल त्यांच्याच वर्गात आहे, त्यांना यातली कुचंबणा वेगळी सांगायला नको. चांगले गुण दिले तर पक्षपात, कमी दिले तर घरी अबोला.

यानिस २०१६मध्ये इटलीच्या फिओरेंटिनाला गेला. तिथे दीड वर्षात त्याला लीगचे जेमतेम दोन सामने मिळाले आणि २०१८च्या सुरुवातीला तो वीतोरुलमध्ये परत आला. टीकाकारांना हवे होते ते मिळाले. परंतु २०१९मध्ये वीतोरुलने रोमानियन चषक जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात एकवीस वर्षांखालील युरो स्पर्धेत यानिससह रोमानियाच्या मुलांनी इंग्लंडला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. यानिस मग बेल्जियमला आणि तिथून स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेला. २०२१मध्ये रेंजर्स स्कॉटलंडचे विजेते झाले तेव्हा तो त्या संघात होता. बापाइतका तो मोठा नाही. पण तेवढा मोठा त्या देशात दुसरा कुणीच झालेला नाही, मग ही फूटपट्टी एकट्या पोरालाच का लावावी?

२०२१मध्ये वीतोरुल आणि फारुल एकत्र झाले आणि नाव ठेवले फारुल. ज्या क्लबात हाजीने पोरवयात चेंडूला पाय लावला होता, त्याच दीपगृहाच्या नावाने आता त्याची मुले खेळू लागली. साडू पोपेस्कू क्लबचा अध्यक्ष. मे २०२३मध्ये ओविदिउच्या छोट्या मैदानावर एफसीएसबीविरुद्ध फारुल ०-२ असे मागे होते. सामना ३-२ असा जिंकून त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, फारुलच्या इतिहासातील पहिले. प्रशिक्षक अर्थातच हाजी, वय अठ्ठावन्न. डोके म्हणे आता पूर्वीइतके गरम होत नाही. मी काही त्यावर पैज लावणार नाही.

१७ जून २०२४ रोजी म्युनिकमध्ये युरो स्पर्धेत रोमानियाने युक्रेनला ३-० असे हरवले. युरोच्या मुख्य स्पर्धेत रोमानियाला चोवीस वर्षांत मिळालेला हा पहिला विजय. पहिला गोल निकोलाए स्तांचूचा. दुसरा राझवान मारिनचा, तिसरा डेनिस द्रागुशचा; हे दोघेही ओविदिउच्या शाळेतले.

नऊ दिवसांनी फ्रँकफर्टला, मुसळधार पावसात, स्लोव्हाकियाशी सामना होता. बरोबरी झाली तरी पुढची फेरी मिळणार होती, पण स्लोव्हाकियाने आधी गोल केला. सदतिसाव्या मिनिटाच्या सुमारास यानिस हाजी चेंडू घेऊन आत घुसला आणि त्याला पाडण्यात आले. पंचांनी पेनल्टी दिली. चेंडू ठेवला राझवान मारिनने आणि जाळ्याच्या वरच्या भागात मारला. सामना १-१ असा सुटला आणि रोमानिया गटात पहिला आला.